कृपया आधी भाजी निवडा

वेबसाइटवरच्या संपर्काच्या फॉर्मला मी लोकलहोस्टचा पत्ता दिला आणि साइट जगासाठी खुली केली. चूक एवढीच, एका ओळीची. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलानं ती करू नये, कारण वेब डेव्हलपमेंटच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून सांगितलं होतं की लोकलहोस्ट म्हणजे 'हेच यंत्र'. आपल्या लॅपटॉपवर उघडलं तर आपला लॅपटॉप, दुसऱ्याच्या फोनवर उघडलं तर त्याचा फोन. पाकिटावर पत्ता म्हणून 'आपल्याच घरी' लिहावं, तसं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. रेघासुद्धा दोनच मारल्या होत्या.

त्यात आणखी एक हुशारी. बटण दाबलं की निरोप पोहोचो न पोहोचो, हिरव्या अक्षरांत उमटायचं : 'धन्यवाद. आपला निरोप पोहोचला. लवकरच उत्तर देऊ.' काम व्हायच्या आधी आभार मानायची ही रीत मी कुठून उचलली, देव जाणे. लहानपणापासून गावातल्या उद्घाटनांना पुढच्या सतरंजीवर बसलो, त्याचा परिणाम असावा.

तेव्हा मी अमरावतीत राजापेठेत एका खोलीत राहत होतो. खोलीतला दुसरा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला आणि त्याची कॉट तेवढी राहिली. त्या कॉटवर मी कपडे ठेवायचो, म्हणजे खोलीत कोणीतरी झोपलेलं वाटायचं. खाली गणिताची शिकवणी चालायची. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो त्या शिकवणीतल्या सरांचा. ते खालून पोरांना विचारायचे, "समजलं का?" आणि मी वरून, लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या, "हो सर" म्हणायचो. एकदा खिडकी उघडी राहिली. त्यानंतर महिनाभर मी जिन्यावरून मान खाली घालून उतरत होतो.

प्रकल्पासाठी वर्गातल्या निम्म्या लोकांनी ग्रंथालय केलं, उरलेल्यांनी हॉटेल. मी आमचा मळा केला. अकोल्याजवळ आमचा भाजीचा मळा आहे. वडील पिकवतात, आई बाजारात बसते. वांग्यांचे फोटो घेतले, विहिरीचा घेतला, वडिलांचा घ्यायला गेलो तर ते पाठ करून उभे राहिले, तोच लावला. खाली संपर्काचा फॉर्म : नाव, भाजी, निरोप. भाजीच्या यादीतून एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढं जाऊ द्यायचा नाही. 'कृपया आधी भाजी निवडा' असं लाल अक्षरांत बजावायचा. ती लाल ओळ जमली त्या दिवशी मी स्वतःला हॉटेलात नेऊन चहा पाजला.

वडिलांना मी दुवा पाठवला आणि वर शिष्टपणा केला. म्हटलं, माझी दिवसभर लॅब असते, फोन घेता येत नाही. काही सांगायचं असलं तर इथं लिहीत जा, मी वाचतो. खरं तर लॅब आठवड्यातून दोनदा होती. पण फोनवर आमचं बोलणंच असं व्हायचं की मला त्याची धास्ती वाटे. ते विचारायचे, जेवला का. मी म्हणायचो, हो. मग दोन्हीकडून श्वास ऐकू यायचा. मग ते म्हणायचे, बरं, ठेवतो. मी शेतीच्या कॉलेजला जावं असं त्यांच्या मनात होतं. मी बीसीए म्हटलं, तेव्हा ते "पाय बा तुह्यं तू" एवढंच बोलले होते, आणि ते वाक्य गेली तीन वर्षं माझ्या डोक्यात बसून होतं.

त्यानंतर फोन कमी झाले. आधी दोन दिवसांआड, मग आठवड्यानं. मी समजलो, राग आहे. निरोपांचा तक्ता मी रोज उघडायचो. रिकामा. फॉर्म बिघडला की काय म्हणून स्वतःच निरोप पाठवून बघायचो, आणि माझा निरोप बरोब्बर यायचा. येणारच, निरोप साठवणारा सगळा भाग माझ्याच लॅपटॉपमध्ये होता आणि मी त्याच लॅपटॉपवरून लिहीत होतो. पण तेव्हा मी निष्कर्ष काढला की फॉर्म उत्तम आहे, फक्त मला लिहिणारं कोणी नाही.

सुरुवातीला 'टेस्ट', 'टेस्ट दोन' असं लिहायचो. मग कंटाळा आला. मग 'कसा आहेस' लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'बरा आहे' लिहिलं. मग 'जेवलास का', 'भाजी काय होती', 'आज शर्ट धुतला का'. तपासणीच होती ती, असं मी स्वतःला सांगत होतो.

एकदा फोनवर वडिलांनी विचारलं की तुझ्या त्या साइटवर लोक लिहितात का काही. माझ्याच निरोपांनी भरलेला तक्ता आठवून माझा अहंकार दुखला. मी म्हटलं, बरेच येतात, सगळे वाचतो.  ते म्हणाले, बरं, ठेवतो.

सत्राच्या शेवटी कॉलेजनं प्रकल्पांचं प्रदर्शन ठेवलं आणि घरच्यांना आणायला सांगितलं. मला वडील यायला हवे होते. बाकी काही नाही. त्यांनी लॅबमध्ये माझ्या शेजारी बसावं, पडद्यावर आपली पाठ बघावी आणि पोरगं काहीतरी करतं आहे एवढं त्यांना दिसावं. पण बोलवायची हिंमत होईना. नाही म्हणाले तर? फोनवर मी तारीख सांगितली, फक्त तारीख, जणू पंचांगातून वाचतोय. म्हटलं, त्या दिवशी आमच्याकडे कार्यक्रम आहे. त्यांनी हूं केलं. मी वाट बघत राहिलो की ते म्हणतील, येतो.

त्या दिवशी लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या मुलीचे आईवडील, मावशी आणि चिवड्याचा डबा आले होते. मी माझाच लॅपटॉप मांडला होता आणि शेजारी एक जादा खुर्ची ओढून ठेवली होती. दुपारपर्यंत ती तीन जणांनी मागितली. कोणी येणार आहे, असं म्हणून मी दोघांना परतवलं; तिसऱ्यांदा देऊन टाकली.

बाहेरून परीक्षक म्हणून आलेले सर माझ्याकडे आले, तेव्हा साइट बघून खूश झाले. मग म्हणाले, निरोपांचा तक्ता दाखव. मला हे आधी सुचायला हवं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे एकेक ओळ वाचायला लागले : कसा आहेस. बरा आहे. जेवलास का. भाजी काय होती. शेजारची मावशी चिवडा खायची थांबली.

"हे कोण लिहितं?" सरांनी विचारलं.

"युजर, सर."

"युजर फार जीव लावून आहे तुझ्यावर," ते म्हणाले, आणि गुण देऊन पुढे गेले. गुण चांगले दिले. ते दयेचे होते की वांग्यांच्या फोटोंचे, अजून ठरत नाही.

शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी गेलो, तो फुगूनच. अंगणात आई आणि वडील सकाळच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मी बूट काढता काढता, कोणाकडेही न बघता म्हटलं, की सगळ्यांच्या घरचे आले होते.

वडिलांनी हातातली जुडी पूर्ण बांधली, खाली ठेवली.

"मी इचारलं होतं तुले," ते म्हणाले. "येऊ का मनून. तू काई बोललाच नाही. मले वाटलं, पोराले आपण तिथं नको असन."

मी म्हटलं, कधी विचारलं? त्यांनी धोतराला हात पुसले, फोन काढला आणि मला दाखवायला म्हणून पुन्हा तेच केलं. नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. यादीतून भाजी निवडली. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत : येऊ का. बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत उमटलं : धन्यवाद. आपला निरोप पोहोचला. लवकरच उत्तर देऊ.

त्या पडद्याकडे बघताना फळ्यावरच्या दोन रेघा आठवल्या, आणि सगळं एकदम कळलं. त्यांनी सांगितलं, रोज मोटार बंद केली की ते विहिरीवर बसून लिहायचे. जे फोनवर बोलता यायचं नाही ते. आणि लिहून झालेलं असल्यामुळं फोन करायचं कारणच उरत नसे. मी त्यांना समजावून सांगितलं, की हे सगळे निरोप त्यांच्याच फोनला जाऊन धडकत होते आणि तिथंच विरत होते. आता परत मिळणार नाहीत. त्यांनी फोन उलटा करून मागची बाजू पाहिली, जणू एखादा तिथं अडकला असेल.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"आता काय आठवते. असंच. पाण्याचं, वांग्याचं." मग म्हणाले, "ते भाजी निवडल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हतं. मी रोज मेथी निवडे. तुले आवडते मनून."

मी मेथी पुढ्यात ओढली आणि जुडी बांधायला लागलो. ती सुटली. परत बांधली. वडील त्यांच्या जुडीत मान घालून, मी माझ्या.

आईनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली, सोडली, नीट बांधली आणि टोपलीत टाकली.

"पोट्ट्या," ती म्हणाली, "फोनवर बोलताबी येते, हे तीन वर्सांत कोणीच नाही शिकवलं का तुले?"