दुसरी सही अक्काची

आमच्या घरात स्टॅम्प पेपर एकाच कामाला येतो, वाटणीला. लग्न होऊन आल्यापासून हे मला माहीत होतं, तरी सीएंच्या ऑफिसात बसल्यावर ते डोक्यातून पार निघून गेलं.

मी आणि माझी थोरली जाऊ कांदा-लसूण चटणी करून विकत होतो. तिला मी अक्का म्हणते. मिरची भाजणं, मसाल्याचा अंदाज सगळा तिचा. पिशव्या भरणं आणि दुकानदारांशी भांडणं माझं. भांडायला मला कुणी शिकवावं लागत नाही. मागणी वाढली तसं स्वतःचं कांडप मशीन घ्यायचं ठरलं. गल्लीतल्या भिशीचा पहिला नंबर मी भांडूनच मिळवला, उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज. बँकेला धंद्याचे कागद हवे होते. सीए म्हणाले, "एकटीच्या नावावर केलंत तर सोपं. दोघी असाल तर भागीदारीचा करार करा, स्टॅम्प पेपरवर." मी लगेच म्हणाले, "दोघी."

संध्याकाळी अक्का मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिला सांगितलं आणि तिचे हात थांबले.

"स्टॅम्पवर? काय चुकलं गं माझं? येगळं व्हायचं हाय व्हय तुला?"

मी हसले, समजावलं, शेवटी चिडलेसुद्धा. तिचं एकच, "एका घरातल्या बायकांनी स्टॅम्पवर लिव्हायचं? गल्ली काय म्हणंल? कर की तुझ्या नावावर. मी काय कुठं पळून चाललोय?" डोळ्यांना पदर लावलेला बघून मी गप्प बसले. धंदा माझ्या एकटीच्या नावावर झाला.

मशीन आलं. पाटीवर मी, कर्जाला मी, बँकेचे फोन मला. घरात सगळे 'दोघींची चटणी' म्हणायचे, ते हळूहळू 'धाकटीचा धंदा' म्हणू लागले. अक्कासुद्धा. आधी ती माझ्यावर खेकसायची, "आगं, करपली की मिरची!" आता विचारायला लागली, "एवढं मीठ टाकू का?" तिनं मला मीठ विचारावं, याचा मला इतका राग यायचा! पुढं पुतण्याला पुण्यात नोकरी लागली आणि थोरले दीर नि अक्का त्याच्याकडं राहायला गेले. थांबा म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. कागदावर तिचं इथं काहीच नव्हतं.

आता कामाला बायका आहेत, चटणी लांब लांब जाते, लोक नावाजतात. पण मिरचीचा ठसका उठला की मला अक्काचं खेकसणं हवं असतं. फार हवं असतं. एकटीनं मालकीण होण्यात कसली गंमत? वाद घालायचा तरी कुणाशी?

परवा सीए म्हणाले, "व्याप वाढलाय, आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. संचालक मात्र किमान दोन लागतात. सह्यांसाठी कुणी कुठं यायला नको, सगळं मोबाईलवरून होतं." त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं. मी त्यांना थांबवलं आणि बाहेर जिन्यात येऊन पुण्याला फोन लावला.

"अक्का, कंपनी करायची म्हणत्यात. दोघीजणी लागत्यात. दुसऱ्या तुम्ही."

वाटलं, पुन्हा वाटणीच येणार हिच्या मनात. पण तिनं हळूच विचारलं, "सहीला कोल्हापूरला यायला लागतंय व्हय?"

"लागतंय की," मी म्हणाले. "चांगले आठ-पंधरा दिवस काढूनच या."