सुई अडकली तेव्हा मी उठलो नाही

आठवीत शाळा सोडून मी हिंगोलीकडून इकडे आलो, कामणच्या गोदामात खोकी बांधायला. राहायला जागा मिळाली आगाशीच्या अलीकडच्या वाडीत, एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईच्या मागच्या खोलीत. सगळे तिला बाय म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्याच वर्षी तापाने पडलो तेव्हा तिने मला पेज पाजली. तेव्हापासून तिच्या वस्तूला कुणी वाईट हात लावला तर मी विसरत नाही.

बायचा नवरा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. तो गेला आणि त्याच्या जॅझच्या रेकॉर्डी राहिल्या. "लाव रे काहीतरी, घर खायला उठतं," असं ती एका रविवारी म्हणाली आणि मी काळ्या कव्हरची लावली. तिच्यात एक जागा आहे. बाकीची वाद्यं मागे सरतात आणि सॅक्सोफोन एकटाच बोलायला लागतो, आधी कुरकुरत, मग भांडल्यासारखा, मग समजूत पटल्यासारखा. मला इंग्रजी येत नाही, तिथे ते लागतही नव्हतं. तो थांबला की माझ्या हातून टाळी वाजायचीच. बाय हसायची. तिचा नवराही म्हणे जेवता जेवता खरकट्या हातांनी टाळ्या वाजवायचा.

एक साहेब विरारच्या फ्लॅटमधून सकाळी फिरत आमच्या वाडीपर्यंत यायचे. आवाज ऐकून ते फाटकात थांबले. त्यांच्याकडे रविवारी मित्र जमून रेकॉर्डी ऐकतात, त्यांना ही आठवडाभर हवी होती. बायने माझ्याकडे बघितलं. "तू म्हणशील तर देऊ." मी हो म्हणालो. मलाही बोलावलं होतं ना त्यांनी.

त्या रविवारी त्यांच्या हॉलमध्ये सॅक्सोफोन थांबला आणि मी टाळी वाजवली. एकट्यानेच. साहेब मानही न वळवता म्हणाले, "अरे, हे कीर्तन नाही. संपेपर्यंत हात मांडीवर ठेव." मित्र हसले. मी हात मांडीवर ठेवले.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या गाडीत जागा होती म्हणून मला मुंबईला जॅझच्या कार्यक्रमाला नेलं. समोर खराखुरा सॅक्सोफोनवाला, मान मागे टाकलेला, शर्ट घामाने चिकटलेला. मी हात मांडीखाली दाबून बसलो. चुकून वाजले तर? त्याचं एकट्याचं वाजवणं संपलं, गाणं अजून चालूच होतं, आणि अख्ख्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात आधी वाजवली साहेबांनी. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. जन्मात पहिल्यांदा समोर ऐकलेला जॅझ मी दगडासारखा बसून ऐकला. ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

रेकॉर्ड मागितली की म्हणायचे, "कुठेतरी ठेवली गेलीय रे, बघतो." मग फोन उचलणंच बंद. इकडे बायच्या नवऱ्याची वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली पुण्यतिथीची प्रार्थना, जवळ आली. त्या दिवशी चर्चमधून आल्यावर शेजारी बायच्या ओटीवर जपमाळ म्हणायला बसतात आणि शेवटी ती तीच रेकॉर्ड लावायला सांगते. "आणलीस का?" ती रोज विचारायची. रागावून नाही, म्हणूनच मी ओटीवरून न जाता मागून खोलीत शिरायला लागलो. खोली सोड म्हणाली तर जाऊ कुठे? आणि नाही म्हणाली तर तिच्या तोंडाकडे बघू कसा?

शेवटी मी साहेबांना मेसेज केला. 'बाय मिस्सेच्या दिवशी उरलेल्या सगळ्या रेकॉर्डी देऊन टाकतेय. तुमचं नाव सांगितलंय. काळ्या कव्हरची तेवढी आणा.'

लगेच उत्तर आलं. 'सापडली.'

त्या दिवशी साहेब इस्त्रीचा कुर्ता घालून आले. एका हातात रेकॉर्ड, दुसऱ्या हातात घडी घातलेल्या दोन रिकाम्या पिशव्या. मी त्यांना मुद्दाम सगळ्यांत पुढे बसवलं, नुसत्या लादीवर. जपमाळ गुडघ्यांवर बसून म्हणतात. साहेब एक गुडघा उचलायचे, मग दुसरा. मागून बघताना मला फार बरं वाटत होतं.

आमेन झाल्यावर ते बायजवळ सरकले. "त्या बाकीच्या रेकॉर्डी…"

"त्यांचं काय?"

"तुम्ही देताय ना?"

"कोण देतंय? माझ्या माणसाच्या आहेत त्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर म्हणालास—"

"म्हणालो होतो," मी म्हणालो. "कुठेतरी ठेवल्या गेल्यात. बघतो."

एक शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. मी रेकॉर्ड लावली. बायने डोळे मिटले. सॅक्सोफोन कुरकुरला, भांडायला लागला, आणि खट्. तोच तुकडा पुन्हा. खट्. पुन्हा तोच. रेकॉर्डवर नखाएवढा नवा ओरखडा होता.

प्लेअर माझ्या हाताशी होता. मी उठलो नाही. हात मांडीवर ठेवले आणि साहेबांकडे बघत राहिलो. मग शेजारी बघायला लागले. बायनेही डोळे उघडले. सॅक्सोफोन एकच शब्द बोलत राहिला.

शेवटी साहेबच उठले, पिशव्या काखेत धरून, आणि त्यांनी सुई उचलली. "हे आधीपासूनच असणार," ते म्हणाले.

"नव्हतं," बाय म्हणाली.

ते चप्पल शोधत पायरीशी गेले. बायने मला खूण केली. मी सुई ओरखड्याच्या पुढे टेकवली. सॅक्सोफोनची समजूत पटली, तो थांबला आणि मी टाळी वाजवली. साहेब अजून फाटकातच होते.