शेजारच्या ताईंची मान

मोशीला आमच्या शेजारी राहणाऱ्या ताईंना मागून हाक मारली, की त्या नुसती मान वळवत नाहीत, अख्ख्या वळतात. चाकणच्या एका कंपनीत दिवसभर खाली बघून वायरी जोडायचं त्यांचं काम. कित्येक वर्षं मान दुखतेय, तरी "चालायचंच हो" म्हणून हसतात. एमआरआयमध्ये काहीच निघालं नाही, तेव्हापासून त्यांच्या सासूबाई म्हणायला लागल्या, "समदी नाटकं हायेत." तेवढ्यावर मात्र ताईंना हसता येत नसे.

परवा मी त्यांच्यासोबत फिजिओथेरपीला गेले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आहे आणि तुमचं दुखणंही खरं आहे. फार दिवस दुखत राहिलं, की नसा आणि मेंदू हळवे होतात. साध्या हालचालीलाही धोका समजून दुखणं उठवतात. मान थोडी थोडी हलवत राहा, म्हणजे त्यांची भीती कमी होईल."

ताईंनी पर्समधून मोबाइल काढला, घरी फोन लावला आणि स्पीकर चालू करून डॉक्टरबाईंच्या पुढ्यात धरला.

"आत्ता काय म्हणालात, ते परत एकदा सांगता का? सासूबाई ऐकतायत."

डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "रिक्षानं ये गं. बसमधी धक्के बसत्यात. भाकरी मी थापते."

"पीठ वरच्या डब्यात आहे," एवढंच ताई बोलल्या आणि ओढणीनं डोळे पुसत राहिल्या.