विरोधी पक्ष

आमच्या सरांशी वाद घालायला गेलं की पंचाईत व्हायची. आपल्याला सुचले नसते असे आपल्या बाजूचे मुद्दे तेच सांगायचे. शिरूरच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच ‘विरोधी पक्ष’ पडलं होतं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पाच जण, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला आलेले. अशा वर्गाला सरांनी आठशे वर्षांपूर्वीचा इटलीतला एक ख्रिस्ती साधू शिकवायला घेतला. अंगानं थोराड, बोलणं जवळपास नाहीच, म्हणून सोबतचे त्याला ‘मुका बैल’ म्हणत. निमोण्याचा संतोष म्हणाला, “सर, आमच्यात बी एक हाय तसला. पर त्यो पेपरात बी मुकाच ऱ्हातो.” सगळ्यांत मोठ्यानं सरच हसले.

त्या साधूची एक रीत सरांच्या अंगात भिनली होती. देव आहे असं सांगण्याआधी तो देव नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं मांडायचा, तेही मन लावून. “समोरच्याला वाटलं पाहिजे, हे मला का सुचलं नाही! मग आपलं बोला,” सर म्हणायचे. कँटीनवाल्यानं गार चहा दिला तरी सर आधी गार चहाचे फायदे सांगत. तोवर तो आणखी गार होई.

बीएनंतर मला पुण्याला एमए करायचं होतं आणि आप्पा, माझे वडील, नुसते ‘न्हाई’ म्हणत होते. शेवटी सर आमच्या घरी मांडवगणला आले. ओट्यावर टेकले आणि रीतीनं सुरू झाले.

“आप्पा, तुमचं बरोबर आहे. पोर एकटी, शहर अनोळखी. हे शिकून नोकरीची खात्री नाही. उद्या काही झालं तर लोक बापालाच बोलणार. आणि ती गेल्यावर घर खायला उठेल, हे तर तुम्ही कुणाला सांगूही शकत नाही.”

आप्पांचे डोळे भरले. “सर, पटलं बगा. न्हाई धाडत.”

मला सरांचा असा राग आला! सरही गांगरले. उत्तराचा भाग अजून राहिलाच होता. मग म्हणाले, “आता तिची बाजू तुम्ही मांडा. माझ्याहून चांगली.”

आप्पांनी टोपी चाचपली. “बारकी व्हती तवापासनं इचारती, ह्ये असंच का, त्ये तसंच का. मला कवा उत्तर आलं न्हाई.” मग म्हणाले, “हितं ठिवली तर इचारायचीच बंद व्हईल. जाऊ द्या तिला.”

आता मीही कॉलेजात शिकवते. मागच्या वर्षी सर गेले. आप्पांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, “माझं म्हननं इतकं नीट कुनी मांडलं न्हवतं गं. मला सोत्ताला बी जमलं न्हवतं.”