रविवारी सातला मावशी चिडते

जगातल्या सगळ्या रागाचे दोन सारखे वाटे केले, तर एक वाटा उरलेल्या माणसांत थोडा थोडा वाटावा लागेल आणि दुसरा अख्खा माझ्या मावशीला द्यावा लागेल, आणि तोही तिला पुरणार नाही. दुधात पाणी लागलं की ती चिडते. नाही लागलं, तर हा गवळी अचानक एवढा कसा सुधारला म्हणून चिडते. तब्येतीची चौकशी केली की तिला राग येतो आणि न करणाऱ्याची तर ती नावं लक्षात ठेवते. बत्तीस वर्षं तिने गावोगावच्या प्राथमिक शाळांत पोरांना इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर डोणगावात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत आमच्या घराण्यात अजून कुणाला झालेली नाही.

एकदा मेहकरहून एसटीने येताना कंडक्टर पुढच्या सीटवरच्या पाहुण्यांना सांगत होता, की लोणारचं सरोवर ज्वालामुखीमुळे झालं. मावशी दांडा धरून उभी राहिली. "उल्का! आभाळातून दगड पडला बे तो! ज्वालामुखी कायचा?" कंडक्टरने 'उल्का' हा शब्द सगळ्या बसला ऐकू जाईल असा तीनदा म्हटला, तेव्हा कुठे तिने त्याला तिकिटं फाडू दिली. तोवर डोणगाव मागे पडलं होतं. पुढच्या फाट्यावर उतरून, उन्हात अर्धा तास उलट्या दिशेची गाडी शोधून ती घरी पोचली आणि पायातली चप्पल न काढता मला म्हणाली, "त्या माणसाले लोणार कसं झालं ते ठाऊक नाही, अन् डोणगाव कोठी आलं तेही ठाऊक नाही!" चूक कंडक्टरचीच होती, यात तिला तिळभर शंका नव्हती.

अशा बाईच्या नशिबी, किंवा खरं तर त्या मालिकेच्या नशिबी, रविवार संध्याकाळ आली. चार शहरी मुलं एका पितळी दुर्बिणीतून पाहतात आणि भूतकाळात जाऊन पडतात, अशी ती मालिका. दर रविवारी नवं राज्य, नवं संकट, थोडी पळापळ, थोडी तलवारबाजी आणि शेवटी एक बोध. सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावं आणि पोरांनी हसतखेळत इतिहास शिकावा, असं सुरुवातीलाच एक गोड आवाज सांगतो. माझी नऊ वर्षांची मुलगी सलोनी त्या मालिकेपायी वेडी झाली होती. सात वाजता ती टीव्हीपुढे मांडी घालून बसे आणि पावणेसातला मागच्या गल्लीतून मावशी निघे. हातात स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची! आमचा सोफा तिला चालत नसे. "सोफ्यात माणूस रुतते," ती म्हणायची. "रुतून भांडता येत नाही."

पर्समध्ये तिचा खडू कायम असतो. मालिकेत चूक सापडली की ती खुर्चीवरून वाकून आमच्या फरशीवर एक रेघ मारी. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. मालिका संपल्यावर रेघा मोजून ती निकाल जाहीर करायची आणि माझी बायको ओलं फडकं घेऊन यायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीच्या ताटात लालभडक रस्सा दिसला, त्या दिवशी मावशी अर्धी उभी राहिली. "मिरची! अरे मिरची तर समुद्रापलीकडून आली, अन् तीही कितीक शतकं मागून! हे राणीबाई कोण्या दुकानातून आणून राह्यली?" दुष्काळात पळणाऱ्या लोकांचे कपडे इस्त्रीचे होते, त्याला रेघ. सबंध सैन्य मुक्कामाला थांबलं आणि पाच हजार घोड्यांपैकी एकानेही लीद टाकली नाही, त्याला दोन. लेण्यांच्या भागात तर राजा स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन डोंगर कोरताना दाखवला होता. मावशीने खडूच मोडला. "त्याच्या हाताचे घट्टे दाखव मले! दाखव न! ज्यायनं कोरलं त्यायचं नाव नाही, अन् याच्या अंगठीवर उजेड पाडून राह्यले!"

सलोनीला सुरुवातीला याची मजा वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला सांगू. अर्धी गल्ली खिडकीशी येऊन मालिका नव्हे तर मावशीला पाहायची. पण खरं सांगायचं तर तिच्या रागाला सोबत एवढी एकच होती. रेघ मारल्यावर ती जिच्याकडे वळून पाहायची, ती नऊ वर्षांची पोरगी. बाकी आम्ही नुसते प्रेक्षक होतो.

मग तो भाग आला. चारही मुलं शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्यात जाऊन पडली. तहानेने व्याकूळ. समोर विहीर. एका हसऱ्या म्हाताऱ्याने पोहरा ओढला, ही मुलं कोण, कुठली, काही न विचारता त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. मग सगळं गाव विहिरीभोवती जमलं, सगळे एकाच पोहऱ्यातून पाणी प्यायले, आणि तोच गोड आवाज म्हणाला, की आपली खेडी अशीच होती, एका कुटुंबासारखी.

मी खडूच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. मावशी उठली, टीव्हीपाशी गेली आणि बटण दाबून तिने तो बंद केला.

"खोटं हाये," ती म्हणाली. ओरडून नाही.

सलोनी भडकली. रक्ताचाच वारसा, जाणार कुठे! "तुले सगळंच खोटं वाटते मोठे आजी! मले पाहूच देत नाही! तू येतच नको जाऊ आमच्या घरी!"

आणि मी, चाळीस वर्षांचा शहाणा माणूस, काय म्हणालो? "मावशी, जाऊ दे न. पोरायची मालिका आहे." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. कारण त्या विहिरीचं खरं काय ते मला माहीत होतं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मी माझ्या मुलीला ते कधी सांगितलं नव्हतं. लहान आहे, कशाला, असं म्हणून टाळलं होतं. मी गप्प राहिल्यामुळे ती मोकळी जागा एका गोड आवाजाने भरून टाकली, आणि माझी मुलगी त्याच्यावर विश्वास ठेवून बसली होती. मावशीने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची मिटली आणि निघून गेली.

दोन रविवार ती आली नाही. सलोनीने मालिका शेवटपर्यंत, कुणाच्या अडथळ्याशिवाय पाहिली आणि दोन्ही वेळा मध्येच दाराकडे पाहिलं. मी मावशीकडे जाऊन आलो, तर तिने चहा दिला आणि एक अक्षरही चिडून बोलली नाही. त्याने मी जास्त घाबरलो. हिने या घराचा नाद सोडला तर सलोनीकडे वळून पाहणारं कोणी राहणार नाही, आणि सलोनीला खरं सांगणारंही.

तिसऱ्या रविवारी सकाळी नऊला ती दारात उभी. इस्त्रीची साडी, पर्स, पाण्याची बाटली.

"चाल व," ती सलोनीला म्हणाली. "तुले एक विहीर दाखवाची हाये."

सलोनी अजून फुगलेली होती. "मालिकेतली?"

"नाही. माह्या मायची."

आम्ही तिघं निघालो. मेहकरला गाडी बदलली. साखरखेर्ड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत चालत गेलं की मावशीचं लहानपणचं गाव, म्हणजे माझ्या आईचंही. दोघी बहिणी तिथून निघाल्या त्या परत गेल्या नव्हत्या. विहीर होती. तोंडावर लोखंडी जाळी, एक मोटारीचा पाइप, भोवती सिमेंटचा नवा ओटा. पाणी काढायला कोणी येत नव्हतं. घरोघरी नळ होते.

"माही माय इथी बसे," मावशी म्हणाली. "रिकामी घागर घेऊन. आपल्या लोकायले विहिरीले हात लावू देत नव्हते. वरून कोण्या बाईले दया आली तर ते ओते. मी मायसंगं बसो. सात वर्षांची होती."

"अन् कोणीच नाही ओतलं तर?"

"तर बसाचं."

"किती वेळ?"

"एकडाव शाळेची घंटा झाली, शाळा भरली, सुटली. आम्ही बसेलच होतो."

सलोनीने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तू चिडली नाही?"

"तवा चिडता येत नव्हतं," मावशी म्हणाली. "बत्तीस वर्षं पोरायले शिकवलं, पण हे नाही सांगितलं. पुस्तकात नव्हतं. पुस्तकात नाही म्हून मीही नाही सांगितलं. त्या मालिकेवाल्यायले कोण्या तोंडानं बोलू?"

माझंही तोंड त्याच पंगतीतलं होतं.

"कोठी बसत होते तुम्ही? नेमकं?" सलोनीने विचारलं.

मावशी निघाली दाखवायला. ओट्याला एक चक्कर मारली. मग दुसरी. कडुलिंब होता म्हणाली, तो नव्हता. उतार होता म्हणाली, तो भरून सपाट केलेला होता. कुठे वस्तीची वाट, कुठे घागरी ठेवायचा दगड, काही सापडेना. तिसऱ्या चकरेला ती मध्येच थांबली आणि पर्स दोन्ही हातांनी धरून नुसती उभी राहिली. चिडायला समोर कोणी नव्हतं. मी मावशीला एवढी म्हातारी कधी पाहिली नव्हती.

सलोनी ओट्यापासून चार पावलं मागे गेली, जिथे सिमेंट संपून माती सुरू होते, आणि तिथे मांडी घालून बसली.

"इथी असंल?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिला खात्री नव्हती. मला ते स्पष्ट दिसत होतं.

"हाव," ती म्हणाली. "इथीच."

आणि साडीची पर्वा न करता ती तिच्या शेजारी मातीत बसली.