तीन ओळींची बातमी

वीरायी सोळा वर्षं समुद्रापार पेराकच्या रबरमळ्यात झाडांना चिरा देत होती, आणि तिचा नवरा सडैयन शेजारच्या रांगेत. ताडीला तो कधी शिवला नाही. मजुरांच्या लायनीतले लोक त्याला 'ताकपित्या' म्हणून चिडवायचे. १९२६च्या जुलैत चिकाच्या बादल्यांची कावड घेऊन रस्ता ओलांडताना एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीने त्याला उडवलं. जागीच गेला.

गावी सासूला बातमीचं कात्रण पाठवावं म्हणून वीरायीने मळ्याच्या शाळेतल्या आरोक्यसामी मास्तरांकडून इंग्रजी पेपर वाचून घेतला. मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं, की दारू प्यालेला एक कुली मोटारीखाली आला, मोटारीचा दिवा फुटला आणि साहेबांचा अर्धा तास खोळंबा झाला.

"आणि त्यांचं नाव?"

"नाव नाही, वीरायी."

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती मास्तरांना इपोह शहरात पेपरच्या कचेरीत घेऊन गेली. मास्तरांचा पाय उंबऱ्यातच अडखळला. वीस वर्षं ते हा पेपर वाचत होते. कुली चोर, कुली रोगट, कुली माजलेले. नावानिशी कुली त्यांनी फक्त फाशीच्या बातमीत वाचला होता. आत एका बाबूने सगळं शांतपणे ऐकलं, कागदावर टिपूनही घेतलं. त्याने नाव विचारलं तेव्हा नवऱ्याचं नाव वीरायीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने घेतलं.

तीन दिवसांनी मास्तर पेपर घेऊन तिच्या खोलीवर आले. वाचू लागले: सडैयन कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, साऱ्या मळ्याचा लाडका होता. ते वाचतच राहिले. वीरायी त्यांच्या बोटाकडे बघत होती.

"मास्तर, तीन ओळींत एवढं मावतं होय? खरं वाचा."

मास्तरांनी खरं वाचलं: पानाने तोंड रंगलेली एक कुली बाई आमच्या कचेरीत आली, नवरा दारू न पिता मेला असं सांगत गळा काढून रडली. सगळ्यांची छान करमणूक झाली. एवढंच होतं.

"मी रडले नव्हते," वीरायी म्हणाली.

"माहीत आहे मला."

मग तिने सासूला पत्र लिहायला सांगितलं. 'तुमचा मुलगा तापाने गेला,' एवढंच. मास्तरांनी लिहिलं. त्यानंतर वीरायीने कुणाकडून कधी काही वाचून घेतलं नाही.