दगडाखालची घोळ

२०२३ साल होतं, मला शहात्तरावं लागलं होतं. बायको जाऊन सहा महिने झालते. पोरगा परळीला नोकरीला. त्यानं लई बोलावलं, मी गेलो न्हाई. आपलं आपण करून खातो, असं सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

खातही होतो. एक ताट, एक तांब्या, एक पातेलं. ती भांडी मात्र आतल्या मोरीत, दार लावून घासायचो. आमचं घर चौसाळ्याच्या रस्त्याला लागून. जन्मात कधी भांड्याला हात न लावलेला माणूस म्हातारपणी राख घेऊन बसलेला लोकांनी बघावा, हे मला मंजूर नव्हतं.

बायकोचा भांडी घासायचा दगड अंगणात हाय. त्याच्याखाली बारा महिने ओल, आणि त्या ओलीत घोळीची भाजी. तांबडे देठ, जाड पानं. ती मुळासकट कधी उपटायची न्हाई. नुसते शेंडे खुडायची, डाळ घालून शिजवायची. मी दर वेळी म्हणायचो, तण खाऊ घालतीस का मला. आणि वर आणखी एक भाकर मागून घ्यायचो.

मे महिन्यात शेजारची, शेळ्या राखणाऱ्याची बायको, मूठभर घोळ न्यायला आली. दगडापाशी बसली ती बसूनच राहिली.

"आबा, घोळ वाळायली."

मी म्हणलं, ऊन हाय, पाऊस पडला की फुटंल.

"ही पावसावरची न्हाई, आबा. आजीच्या भांड्याच्या पाण्यावरची हाय."

ती रिकाम्या हातानं गेली. मी तिथंच बसलो. टँकरचं पाणी, दोन दिवसांनी दोन घागरी मिळणार. तणाला चांगलं पाणी कोण ओतंल? मोरीत घमेल्यात घासावं आणि ते पाणी गुपचूप आणून टाकावं, असंही मनात आलं. मग माझी मलाच लाज वाटली. तिनं पन्नास वर्षं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख घेऊन दगडावर बसलो. रस्त्यानं जाणारा माझ्याच वयाचा एक दोस्त थांबला. "का रं, आता हे बी?" म्हणाला. मी मान वर केली न्हाई. ताट झालं, तांब्या झाला, पातेलं झालं. पाणी निम्म्याच घोळीपर्यंत पोचलं, बाकीची कोरडीच राहिली. मग घरात जाऊन फळीवरचं तिचं ताट काढलं, आणि तेही घासलं.